सिगऱ्याची मंडळी

काशी म्हटली की मराठी मनापुढे गंगेचे घाट, विश्वेश्वराचा कळस आणि वेदघोषाने दुमदुमणारे वाडे उभे राहतात. हे चित्र खोटे नाही. मात्र ते पुरेही नाही. घाटांपासून दूर, जुन्या शहराच्या पश्चिमेस सिगरा नावाचा एक भाग आहे. आज तो वाराणसीच्या वाढत्या वस्तीच्या पोटात आला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शहराबाहेरचा समजला जाई. तेथे १८४७ साली सेंट पॉल यांच्या नावाचे एक चर्च उभे राहिले. दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या क्षेत्रात, हजारो देवळांच्या सावलीत, मूठभर माणसे त्या वास्तूत एकत्र येत, गुडघे टेकीत आणि ज्या नगरीने त्यांना आपले मानले नव्हते त्याच नगरीसाठी प्रार्थना करीत.

मराठी ख्रिस्ती समाजात चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तर एकत्र जमलेली माणसे. आणि मराठीत घरच्या माणसांनाही मंडळीच म्हणतात. सिगऱ्याच्या मंडळीपुढे जो प्रश्न होता तो या दोन अर्थांमधील अंतराचा होता. बाहेरच्या माणसाने आत यावे अशी प्रार्थना करणे एक. आणि तो खरोखरच आला तर त्याला घरचा माणूस करून घेणे दुसरे. या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा ज्याच्या निमित्ताने झाली, तो योगायोगाने एक मराठी पंडित होता.

काशीतील मराठी वस्ती जुनी आहे. पैठणहून आलेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात काशीच्या धर्मसभेत अग्रस्थान मिळविले. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. विश्वेश्वराचे सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा काशीस येऊन राहिले आणि त्यांच्याच आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी पुढे झाशीची राणी झालेली कन्या जन्मली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या घाटांवर मराठी बोली कानी पडणे ही नित्याची गोष्ट होती. इंग्रजांनी १७९१ साली स्थापन केलेल्या संस्कृत पाठशाळेतही मराठी शास्त्र्यांचा दबदबा होता. नगर जिल्ह्याकडील बापूदेव शास्त्री १८४२ पासून तेथे ज्योतिष व गणित शिकवू लागले होते. अशा या समाजात धर्म ही खाजगी बाब नव्हती. पंक्ती, सोयरीक, दक्षिणा, विद्या आणि प्रतिष्ठा ही सारी त्याच एका सूत्रात ओवलेली होती.

मिशनरी मंडळी काशीत आल्या त्या याच सुमाराच्या थोड्या आधी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे १८१३ साली नूतनीकरण झाले, तेव्हा मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची मोकळीक मिळाली. १८१६ ते १८२० या चार-पाच वर्षांत बॅप्टिस्ट, चर्च मिशनरी सोसायटी आणि लंडन मिशनरी सोसायटी अशा तीन संस्थांनी काशीत आपली ठाणी मांडली. यांतील चर्च मिशनरी सोसायटीला पहिला मोठा आधार दिला तो एका हिंदू गृहस्थाने. कलकत्त्याच्या भूकैलास घराण्यातील राजा जयनारायण घोषाल यांनी १८१८ साली काशीत शाळा काढली व ती या संस्थेच्या हाती सोपविली. स्वतः राजेसाहेब अखेरपर्यंत हिंदूच राहिले. दोन समाजांमध्ये ये-जा होण्यास धर्मांतराचीच वाट असावी लागते असे नाही, हे या पहिल्याच घटनेने दाखवून दिले होते.

सिगऱ्याचे ठाणे विल्यम स्मिथ आणि जर्मन वंशाचे चार्ल्स बेंजामिन लॉयपोल्ट या दोन पाळकांच्या नावांशी निगडित आहे. हे दोघे बाजारांत व मेळ्यांत जाऊन हिंदुस्थानीत प्रवचने करीत. लोक जमत, प्रश्न विचारीत, वाद घालीत, हसत आणि निघून जात. वादाला काशीत कधीच तोटा नव्हता. शास्त्रार्थ ऐकणे हा तेथील रसिकांचा आवडता विरंगुळाच होता. वर्षामागून वर्षे गेली तरी पंडितांपैकी कोणी हलला नाही.

मंडळी वाढली ती निराळ्याच कारणाने. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. आईबाप गमावलेली मुले रस्तोरस्ती भटकू लागली. त्यांतील कित्येकांना सिगऱ्याच्या अनाथाश्रमात आसरा मिळाला. त्यांना अन्न मिळाले, अक्षरओळख झाली, हातास काही उद्योग लागला आणि त्यांचा बाप्तिस्माही झाला. १८४७ चे चर्च उभे राहिले तेव्हा त्यातील उपासकांत या दुष्काळाच्या लेकरांचा भरणा होता. टीकाकारांनी तेव्हाही म्हटले आणि नंतरही म्हटले की भुकेने आलेली ही माणसे श्रद्धेने आलेली नव्हेत. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. अन्न देणाऱ्या हाताने धर्म दिला की घेणाऱ्याला निवड उरत नाही. पण त्या वर्षी त्या मुलांना दुसऱ्या कोणी उचलून घेतले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता, हेही तितकेच खरे आहे.

अशी ही मंडळी होती. विद्येने मोठी नव्हे, धनाने नव्हे, संख्येने तर नव्हेच. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थना-पुस्तकाचा हिंदुस्थानी तर्जुमा पुढे ठेवून ती उपासना करी. जवळच चुनार येथे राहणाऱ्या विल्यम बाउली यांनी नव्या कराराला हिंदीचे रूप दिले होते, त्यातील अध्याय वाचले जात. आणि प्रार्थनेत शहराचे नाव येई. या मंडळीला राज्यकर्त्यांच्या धर्माची म्हणून एक सावली होती. परंतु त्या सावलीमुळेच शहराची मने तिच्याविषयी अधिक साशंक झाली होती.

त्याच काळात वादाची एक निराळी आघाडी उघडली होती. जॉन म्यूर हे कंपनीच्या मुलकी नोकरीतील स्कॉटिश अधिकारी संस्कृताचे चांगले जाणकार होते. त्यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ संस्कृत श्लोकांत रचून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता पंडितांच्याच भाषेत व पंडितांच्याच पद्धतीने मांडली. त्याला संस्कृतात तीन उत्तरे आली. तिसरे उत्तर १८४४ साली काशीत लिहिले गेले. त्याचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. आणि त्याचे लेखक होते नीळकंठशास्त्री गोरे. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

नीळकंठशास्त्र्यांचे घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. त्यांचे वडीलधारे बुंदेलखंडात बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते. बाजीराव-मस्तानीच्या वंशातील हे नवाब; त्यामुळे पेशव्यांच्या मुलखातील ब्राह्मण तेथे पोहोचला यात नवल नाही. ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीकडील काशीपुरा या खेड्यात नीळकंठांचा जन्म झाला आणि पुढे कुटुंब काशीस स्थिरावले. वडील शिवरामपंत धर्मनिष्ठ गृहस्थ होते. मुलाने व्याकरण व न्याय यांचे अध्ययन केले. बुद्धी तीक्ष्ण, स्वभाव विरक्त आणि मनाला लागलेली शंका दडपून न ठेवण्याची सवय, असा त्यांचा पिंड होता. घरची शिवोपासना सोडून ते विष्णुभक्तीकडे वळले होते, यावरूनही परंपरा जशीच्या तशी पत्करणाऱ्यांपैकी ते नव्हते हे दिसते.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांनी म्यूरसाहेबांना जे विचारले ते आजही वाचण्यासारखे आहे. बुद्धीला पटेल तेवढेच स्वीकारावयाचे असेल, तर तो नियम दोन्ही धर्मांना सारखाच लावला पाहिजे. जन्मतःच जी दुःखे प्राण्यांच्या वाट्याला येतात त्यांचा उलगडा पूर्वजन्म मानल्याखेरीज कसा करावयाचा? एकाच अल्प जन्मातील पापासाठी अनंत शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? शास्त्राच्या प्रांतात बुद्धी सेवक आहे, धनी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. हा तरुण प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घेऊन मगच उत्तर देत होता. आणि पुढे जे घडले त्याचे बीज या प्रामाणिकपणातच होते.

अशा तयारीने नीळकंठशास्त्री विल्यम स्मिथ यांच्याकडे वादासाठी जाऊ लागले. त्यांचा हेतू स्पष्ट होता: या पाद्र्याला निरुत्तर करावयाचे. स्मिथ हे मोठे पंडित नव्हते. न्यायशास्त्राच्या कसोटीवर ते या तरुणापुढे टिकते ना. परंतु त्यांनी दोन गोष्टी केल्या. वाद जिंकण्याची घाई केली नाही. आणि मूळ ग्रंथ वाचा व सत्य कळावे म्हणून ईश्वराची प्रार्थना करा, एवढेच ते सांगत राहिले. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने या पंडिताच्या मनाची पकड घेतली. खंडनासाठी उघडलेले पुस्तक हळूहळू आपलीच उलटतपासणी करू लागले आहे, असे त्यांना जाणवले.

ही प्रक्रिया तीन वर्षे चालली. घरच्यांना कुणकुण लागली. समजाविणे, रडणे, दूर नेऊन ठेवणे असे सारे उपाय झाले. त्यांचे स्वतःचे मनही एका दिशेने सरळ चालले नव्हते. ते पुढे जाई आणि मागे फिरे. सिगऱ्याच्या मंडळीने आजवर नगरीसाठी सर्वसाधारण प्रार्थना केली होती. आता एका विशिष्ट माणसासाठी वाट पाहण्याची वेळ आली होती. समूहासाठी केलेल्या प्रार्थनेत एक प्रकारची सुरक्षितता असते, कारण समूह दार ठोठावीत नाही. एक माणूस मात्र ठोठावतो आणि उत्तर मागतो.

१४ मार्च १८४८ रोजी नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना नेहेम्या हे नाव मिळाले. विधी काशीत झाला नाही, जौनपूरला झाला. काशीत झाला असता तर केवढा क्षोभ झाला असता याची कल्पना सर्वांनाच होती. ज्या नगरीसाठी प्रार्थना चालत होती, त्या नगरीत त्या प्रार्थनेचे फळ उघडपणे हाती घेणे शक्य नव्हते.

वडिलांवर वज्राघात झाला. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, मुलाला आपल्या तोंडून शाप जाऊ नये म्हणून शिवरामपंतांनी कायमचे मौनव्रत धरले. काशीच्या मराठी समाजाचा कणखरपणा आणि कोमलपणा या एका गोष्टीत एकवटला आहे. शाप देण्याचा अधिकार आहे असे मानणारा बाप. आणि तो अधिकार वापरावा लागू नये म्हणून वाणीच सोडून देणारा तोच बाप. धर्मांतराच्या इतिहासात बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या त्यागाची कथा सांगितली जाते. मागे राहिलेल्यांच्या त्यागाची नोंद क्वचितच होते.

महाराष्ट्रातील परिस्थिती याहून निराळी नव्हती. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांचा ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला, आणि त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत ज्ञातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. १८५० साली सरकारने एकविसावा कायदा करून, धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही असे ठरविले. कायदा न्याय्य होता. परंतु कायदा वारसा देऊ शकतो, घर देऊ शकत नाही. सणाच्या दिवशी ज्याचे पान मांडले जात नाही, त्याला जमिनीच्या हिश्शाने कितीसे समाधान मिळणार?

ते घर द्यावयाचे होते सिगऱ्याच्या मंडळीला. तिने ते दिले काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. एका बाजूस दुष्काळातून वाचलेली, निरनिराळ्या जातींची, बहुतेक अशिक्षित मुले. दुसऱ्या बाजूस न्यायशास्त्र पढलेला चित्पावन पंडित. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच पात्रातून सर्वांनी प्राशन करावयाचे. जी पंक्ती काशीच्या कोणत्याही वाड्यात बसू शकली नसती, ती येथे बसत होती, ही या लहान मंडळीची खरी मिळकत होती. परंतु पंक्ती एक झाली तरी जगणे एक होण्यास वेळ लागतो. गोऱ्यांचे बोलणे, वाचन, उपवास व वैराग्य यांत सहभागी होणारा तेथे कोणी नव्हता. आणि ज्यांच्याशी शास्त्रचर्चा करावी ते पंडित त्यांना पारखे झाले होते.

पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्यांच्याजवळ आल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना कन्या झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात लक्ष्मीबाई निवर्तल्या. मुलीचे नाव एलन लक्ष्मी. आजोळ किंवा आजोबांचे घर तिला मोकळे असते तर ती दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी बोलत वाढली असती. ती वाढली युरोपियन कुटुंबांत आणि पुढे इंग्लंडात. १८८० साली ती हिंदुस्थानात परतली ती अमृतसरला मिशनच्या कामासाठी. नंतरचे तिचे आयुष्य मुख्यतः अलाहाबादेत अनाथ मुले व रुग्ण यांच्या सेवेत गेले. तिने इंग्रजीत रचलेली भक्तिगीते जगभर गायिली गेली. १९३७ साली ती वारली. तिच्या नावाच्या दोन भागांतच तिची सारी कहाणी सामावली आहे.

पत्नीच्या निधनानंतर, १८५४ मध्ये, पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंह इंग्लंडला निघाले. त्यांचे पंडित म्हणून गोरे त्यांच्याबरोबर गेले. लंडनला त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले, राणी व्हिक्टोरियाचे दर्शन झाले. परंतु ज्या देशाने काशीस धर्मोपदेशक पाठविले, तो देश डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे चालत असेल ही त्यांची अपेक्षा पार फोल ठरली. वैभव, घाई, दारिद्र्य आणि धर्माविषयी उदासीनता त्यांनी पाहिली. मॅक्स म्युलर यांच्याजवळ त्यांनी आपली निराशा बोलून दाखविली. लंडनमध्ये जे दिसते तेच ख्रिस्ती जीवन असेल, तर आपण परत फिरावे हे बरे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कुटुंब, ज्ञाती व कीर्ती यांचे मोल देऊन घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्याच दुकानात धूळ खात पडलेली पाहावी, असे काहीसे ते दुःख होते. तरीही ते फिरले नाहीत. इंग्लंड आणि ख्रिस्त हे दोन निरनिराळे विषय आहेत, हा निर्णय त्यांनी आपल्यापुरता करून टाकला.

ते परतल्यानंतर थोड्याच दिवसांत १८५७ चा भडका उडाला. ४ जून रोजी काशीत शिपायांचा उठाव झाला आणि नीलच्या हुकमतीखाली इंग्रजांनी जो सूड घेतला त्याने सारा प्रांत हादरला. या वणव्यात उत्तर हिंदुस्थानातील देशी ख्रिस्ती माणूस दोन्हीकडून पोळला. उठाव करणाऱ्यांना तो फिरंग्यांचा वाटे. इंग्रजांना तो शेवटी काळाच वाटे. अशा वेळी ‘शेजाऱ्यांसाठी प्रार्थना’ या शब्दांना निराळेच वजन येते.

याच अनुभवाच्या पाठीवर उत्तर हिंदुस्थानातून एक हाक उठली. १८५८ साली लुधियानाच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने जगातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना आवाहन केले की, १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सर्वांनी मिळून, आपापसांतील पंथभेद बाजूस ठेवून, सर्व जगासाठी प्रार्थना करावी. ही कल्पना इंग्लंड-अमेरिकेत उचलली गेली आणि दर जानेवारीतील ‘प्रार्थना-सप्ताह’ रूढ झाला. आजही अनेक देशांत तो पाळला जातो; पण त्याचा उगम सतलजच्या काठच्या एका मिशनमध्ये आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असते. मोठ्या चर्चांनी लहानांना शिकवावे हा शिरस्ता या एका बाबतीत उलटा झाला.

गोऱ्यांनी मात्र आपली वाट शब्दांची ठेवली. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शन-दर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सहा दर्शनांचे ख्रिस्ती दृष्टीने केलेले हे परीक्षण काशीतच अध्यापन केलेले अमेरिकन संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी इंग्रजीत आणले. सोळा वर्षांपूर्वी ज्या बुद्धीने ख्रिस्ती मताची चिरफाड केली तीच आता दर्शनांवर चालली होती. विद्वानांनी ग्रंथाचे कौतुक केले. परंतु काशीच्या घाटांवरची मने त्याने जिंकली असे दिसत नाही. खंडनाने माणूस गप्प होतो, जवळ येतो असे नाही. आणि हे सत्य स्वतः गोऱ्यांइतके दुसऱ्या कोणाच्या अनुभवाचे असणार? तेही स्मिथसाहेबांच्या युक्तिवादाने हरले नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर तब्बल वीस वर्षांनी, १८६८ साली, त्यांनी डीकनची दीक्षा घेतली आणि १८७० साली ते पाळक झाले. आपण या कार्यास पात्र नाही ही जाणीव त्यांना मागे खेचीत होती. पुढे ऑक्सफर्डजवळील कौली येथे १८६६ साली स्थापन झालेल्या संन्यस्त पाळकांच्या संघात ते उमेदवार म्हणून राहिले. आजन्म व्रताची शपथ मात्र त्यांनी घेतली नाही. हिंदुस्थानात धर्म सांगणाऱ्याने बंगल्यात राहून चालत नाही, त्याचे जीवन साधूचे दिसले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या राहणीतच होती. साधा आहार, साधे वस्त्र, पायी प्रवास, दीर्घ उपासना असा त्यांचा क्रम असे.

उत्तरायुष्यात ते आपल्या भाषेच्या मुलखात आले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांचे वास्तव्य होते. १८८२ साली पुण्यास आलेल्या पंडिता रमाबाईंशी त्यांचा परिचय झाला. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या निर्णयात फादर गोऱ्यांच्या विवेचनाचा मोठा वाटा होता हे रमाबाईंनी मोकळेपणाने सांगितले आहे. काशीत एका मंडळीने एका माणसाची वाट पाहिली. तिचे फळ पस्तीस वर्षांनी मुळामुठेच्या काठी दिसले आणि मुक्तिसदनाच्या रूपाने केडगावच्या माळावर हजारो निराधार स्त्रियांच्या व मुलींच्या उपयोगी पडले. प्रार्थनेचा हिशेब वार्षिक अहवालात का मावत नाही, याचे हे एक उत्तर आहे.

त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहाचे प्रसिद्ध प्रकरण घडले. रानडे, टिळक आदी पुढाऱ्यांनी तेथे चहा घेतल्याचा गवगवा झाला, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, ग्रामण्य माजले. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपले प्रायश्चित्त काशीत झाल्याचा दाखला दिला. एका पेल्याने पुण्यातील एवढी मोठी माणसे अडचणीत आली, तर बेचाळीस वर्षांपूर्वी काशीतील एका तरुण शास्त्र्याने केवढी उडी घेतली होती, याचे माप या गोष्टीवरून घेता येते. आणि एकत्र खाण्यापिण्याला त्या काळी काय अर्थ होता, हेही कळते. सिगऱ्याच्या चर्चमधील ते एक पात्र म्हणजे केवळ धर्मविधी नव्हता.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोरे निवर्तले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. गोऱ्यांनी जे तर्काने साधू पाहिले ते टिळकांनी अभंगाने व कीर्तनाने साधले. आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसविण्याचा प्रयत्न केला. आत आणि बाहेर यांमधील जी भिंत १८४८ साली अभेद्य होती, तिला दार पाडण्याचा हा यत्न होता.

सिगऱ्याची मंडळी पुढेही लहानच राहिली. १९७० साली नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतातील संयुक्त चर्च स्थापन झाले, तेव्हा इंग्लंडच्या चर्चची या प्रांतातील परंपराही त्यात विलीन झाली. सेंट पॉलचे चर्च आजही उभे आहे. काशी ख्रिस्ती झाली नाही. तशी ती व्हावी अशी प्रार्थना ज्यांनी केली त्यांच्या दृष्टीने हे अपयश म्हणावे लागेल. परंतु त्या मंडळीचे मोल काशीने किती माणसे दिली यावर ठरविणे योग्य नव्हे. दुष्काळात टाकलेली मुले तिने उचलली, एका पंडिताला आणि त्या मुलांना एका पात्रातून प्यावयास लावले, आणि एका शंकाखोर मनाची तीन वर्षे घाई न करता वाट पाहिली. जेथे ती उणी पडली तेथे तिचे उणेपणही बोलके आहे. शिवरामपंतांचे मौन फोडण्याचा मार्ग तिला सापडला नाही, आणि आईविना राहिलेल्या लहानग्या लक्ष्मीला तिच्या भाषेतील घर देता आले नाही. बाहेरच्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक समाजाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या दोन्ही बाजू एकत्र मांडून पाहाव्यात.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा गोऱ्यांचा तरुणपणीचा ग्रंथ शंभरांहून अधिक वर्षे हस्तलिखितांतच राहिला. १९५१ साली उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने तो प्रसिद्ध केला, संपादन स. ल. कात्रे यांनी केले. म्हणजे ज्या मताचा त्यांनी पुढे त्याग केला, त्याची त्यांनी केलेली उत्तम मांडणी त्यांच्या जुन्या धर्मबांधवांनी जपून ठेवली. आणि ‘षड्दर्शन-दर्पण’ नव्या धर्मबांधवांनी जपला. ग्रंथालयांत हे दोन ग्रंथ बहुधा निरनिराळ्या कपाटांत असतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजेच नीळकंठशास्त्री नेहेम्या गोरे हा एक सबंध माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.